पुराच्या दिवसांतील सायकलप्रवास

चातुर्मासांत लांबचा प्रवास करूं नये, असा आपल्या वाडवडिलांचा दंडक होता. संन्याशानें चार महिने एके ठिकाणीं राहावें, फौजेनें दसऱ्याचें सीमोल्लंघन करून मगच मोहिमेस निघावें, लग्नकार्यें आषाढापूर्वीं उरकून घ्यावीं, हीं सारीं त्याच दंडकाचीं निरनिराळीं रूपें होत. त्याचें वस्त्र धर्माचें होतें. आंतील देह मात्र व्यवहाराचा होता. नद्यांवर पूल नव्हते. पलीकडे जावयाचें तर उतार शोधावा लागे, आणि पावसाळ्यांत उतार बुडे व नावहि बंद होई. पुढें पूल झाले, सडका झाल्या, एस. टी. गांवोगांव पोहोंचली, आणि दंडक आपोआप गळून पडला. त्याबद्दल आम्हांस खेद नाहीं. परंतु दंडक गेला म्हणून त्यामागचें कारणहि गेलें, अशी जी समजूत हल्लीं सर्रास आढळते, तिच्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

शहरांतील तरुण मंडळींत सायकलीवरून लांबचा प्रवास करण्याची हौस अलीकडे बरीच वाढली आहे. ही गोष्ट सर्वथा स्तुत्य होय. शरीराला व्यायाम, मनाला विसावा आणि आपल्या मुलखाची ओळख हे तिन्ही लाभ एकाच खर्चांत साधणारें असें दुसरें साधन आम्हांस ठाऊक नाहीं. श्रावण लागला, डोंगर हिरवे झाले आणि पंधरा ऑगस्टच्या सुटीला जोडून एखादा रविवार आला, कीं घरोघर एकच वाद सुरू होतो. नातू म्हणतो, निघतों. आजी म्हणते, नको. आणि ज्यांनीं निकाल द्यावयाचा ते वडील वर्तमानपत्र डोळ्यांपुढें अंमळ उंच धरतात. या वादांत दोनहि पक्षांचें कांहीं चुकतें, असें आमचें मत आहे. वडील मंडळींच्या नकाराला भीति असते, पण कारण जोडलेलें नसतें. आणि मुलांच्या हट्टाला उत्साह असतो, पण योजना जोडलेली नसते.

पावसांत प्रवास अशक्य आहे असें मुळींच नाहीं. आषाढी वारी भर पावसाळ्यांतच होते, आणि तींत वृद्ध स्त्रियाहि चालत जातात. परंतु कोणत्या तिथीस कोठें मुक्काम, कोणत्या गांवीं भोजन, कोठें विसावा, हें सारें पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलें असतें. पाऊस वारीला थांबवूं शकत नाहीं, कारण वारी पावसाला गृहीत धरूनच आंखलेली आहे. शिवाय पंढरीची वाट बव्हंशीं कमी पावसाच्या मुलखांतून जाते. आपल्या तरुणांनीं वारकऱ्यांच्या श्रद्धेबरोबर त्यांची ही आंखणीहि घ्यावी, एवढेंच आमचें म्हणणें.

उदाहरणादाखल एक वाट घेऊं. वाईहून निघून कृष्णेच्या संगतीनें नरसोबाच्या वाडीपर्यंत जावें, असा बेत पुष्कळांच्या मनांत येतो. वाई ते सातारा सुमारें ३५ किलोमीटर, सातारा ते कऱ्हाड सुमारें ५०, कऱ्हाडाहून पेठ नाका व आष्टा या मार्गें सांगली सुमारें ७०, आणि सांगलीहून जयसिंगपूर-शिरोळवरून वाडी सुमारें २५. एकूण पल्ला १८० किलोमीटरांच्या आसपास. धडधाकट माणसास चार दिवस पुरतात. वाटेंत काय नाहीं? मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा, घाट व वसईहून आलेली ती घंटा; माहुलीस वेण्णेचा संगम; कऱ्हाडास समोरासमोर येऊन भेटणाऱ्या कृष्णा-कोयना; थोडी वाट वांकडी केल्यास औदुंबर; सांगलीचा गणपति, हरिपूर, आणि शेवटीं पंचगंगेच्या संगमावरील दत्तप्रभूंच्या पादुका. कार्तिकांत किंवा माघांत ही वाट म्हणजे आनंदच. श्रावणांत मात्र हीच वाट निराळी होते. ती कशी, हें समजून घेतल्यावांचून सायकलीस हात लावूं नये.

पहिली गोष्ट अशी कीं, सांगलीचा पूर सांगलीच्या पावसानें क्वचितच येतो. महाबळेश्वरास वर्षाकाठीं साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सांगलीस त्याचा सुमारें दशांश. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळलेलें पाणी कृष्णा, वेण्णा, कोयना, वारणा व पंचगंगा या वाटांनीं खालीं उतरतें आणि एकामागून एक कृष्णेंत मिळतें. म्हणून सांगलीकराच्या डोक्यावर ऊन असतां त्याच्या पायाशीं पूर येऊं शकतो. आकाशाकडे पाहून निघणारा प्रवासी नेमका येथें फसतो. त्यानें आपल्या डोक्यावरचें आकाश न पाहतां पश्चिमेकडचें आकाश पाहिलें पाहिजे.

दुसरी गोष्ट धरणांची. वाईच्या वर कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, कोयनेवर १०५ अब्ज घनफूट पाणी साठविणारें कोयना, वारणेवर चांदोली, भोगावतीवर राधानगरी, असे हे मोठे रांजण आहेत. जूनमध्यें ते रिकामे असतात. पडेल तें पाणी पोटांत घेतात आणि खालचा मुलूख निश्चिंत असतो. ऑगस्ट उजाडतो तों ते भरत आलेले असतात. मग वरून येईल तितकें पाणी खालीं सोडण्यावांचून गत्यंतर नसतें. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तर पाण्याच्या दाबानें आपोआपच उघडतात. म्हणून जूनमध्यें ज्या पावसानें कांहीं बिघडत नाहीं, तोच पाऊस ऑगस्टांत गांवें पाण्याखालीं घालतो. ‘मागें जूनमध्यें गेलों होतों, कांहीं झालें नाहीं’ हा युक्तिवाद यासाठींच कुचकामी होय.

तिसरी गोष्ट फुगेची. सांगलीपासून खालीं नदीला उतार अगदीं थोडा आणि वळणें पुष्कळ. कृष्णा भरून चालली असतां तिला मिळणाऱ्या पंचगंगेचें व वारणेचें पाणी पुढें सरकत नाहीं; तें मागें फुगत जातें. ओढ्यांतहि हीच फूग शिरते. त्यामुळें मुख्य नदी दूर असूनहि शेतांतला ओढा उलटा भरूं लागतो, आणि प्रवाशाच्या पुढच्याच नव्हे, तर मागच्याहि वाटेवरची फरशी बुडते. पुरानें वेढलें जाणें म्हणतात तें हेंच. लोंढा अंगावर येऊन वाहून जाण्याचे प्रसंग थोडे. दोन पाण्यांच्या मध्यें अडकून पडण्याचे प्रसंग पुष्कळ.

या तिन्ही गोष्टींचा मेळ बसला म्हणजे काय होतें, हें २०१९ च्या ऑगस्टांत सर्वांनीं पाहिलें. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालचा. त्याच्याजवळ पाण्याची इशारापातळी ४० फूट व धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. त्या वर्षीं पाणी ५७ फुटांवर गेलें. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट असतां पाणी ५५ फुटांवर चढलें. पुणें-बंगलोर महामार्ग कोल्हापूरजवळ अनेक दिवस बंद राहिला आणि मालमोटारींच्या रांगा लागल्या. २०२१ च्या जुलैंत पुन्हा तोच प्रकार घडला. जेथें महामार्ग बंद पडतो, तेथें सायकलस्वाराची गोष्ट काय!

आतां योजनेकडे वळूं. आमची पहिली सूचना अशी कीं, किलोमीटर मोजण्यापूर्वीं पूल मोजावे. घरांतील मोठ्या मेजावर नकाशा पसरावा, आणि ठरलेली वाट जेथें जेथें नदी, ओढा किंवा बंधारा ओलांडते, तेथें तांबड्या पेन्सिलीनें खूण करावी. वर सांगितलेल्या वाटेवर वेण्णा, कोयना आणि कृष्णा ओलांडावी लागते. कृष्णा तर सांगलींत शिरतांना एकदां व अंकलीस पुन्हा एकदां. लहान ओढे व मोऱ्या निराळ्याच. प्रत्येक खुणेपाशीं एकच प्रश्न लिहावा: ‘हा पूल ओलांडल्यावर जर हा बंद झाला, तर मी रात्रीं कोठें असेन?’ ज्या खुणेपाशीं या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळत नाहीं, तो पूल त्या दिवशीं ओलांडावयाचा नाहीं. जवळची वाट म्हणून बंधाऱ्यावरून किंवा फरशीवरून जाण्याचा बेत तर मुळांतूनच रद्द करावा. पुलांचें वयहि विचारांत घ्यावें. महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानींतला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं कोसळला आणि दोन एस. टी. गाड्यांसह माणसें वाहून गेलीं.

दुसरी सूचना परतीच्या वाटेची. सुदैवानें या मार्गाला रेल्वेची जोड आहे. सातारा, कऱ्हाड, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली व मिरज हीं स्टेशनें एकाच लोहमार्गावर आहेत. प्रत्येक मुक्कामाहून सर्वांत जवळचें स्टेशन कोणतें, तेथपर्यंतच्या वाटेंत किती पाणी ओलांडावें लागतें, आणि सामानाच्या डब्यांतून सायकल नेणारी गाडी कोणती, हें निघण्यापूर्वीं विचारून ठेवावें. सातारा आणि कऱ्हाड या दोनहि ठिकाणीं स्टेशन गांवापासून दूर आहे, हेंहि ध्यानांत असूं द्यावें. मोठ्या पुरांत रेल्वेहि विस्कळीत होते. म्हणून परतावयाचें तें वेळीं, शेवटच्या गाडीची वाट न पाहतां.

तिसरी सूचना आकड्यांची. पूर्वीं नदीचें मन फक्त कांठच्या कोळ्याला कळे. आज हवामानखातें साताऱ्याच्या व कोल्हापूरच्या घाटमाथ्यासाठीं निराळा इशारा देतें, धरणांतून किती पाणी सोडलें तें जाहीर होतें, आणि जिल्ह्याच्या आपत्तिनियंत्रण कक्षास १०७७ या क्रमांकावर विचारतां येतें. इतकी सोय असतां अज्ञानाची सबब चालणार नाहीं. घाटमाथ्यास नारिंगी किंवा तांबडा इशारा असेल तर घरून निघूंच नये. प्रवासांत असतां तो मिळाला तर पुढचा मोठा पूल ओलांडूं नये. आयर्विन पुलाजवळचें पाणी ४० फुटांकडे चढत असेल तर सांगलीच्या खालीं पाऊल टाकूं नये. आकडा एकदां पाहून भागत नाहीं. तो सकाळीं व संध्याकाळीं पाहावा. ३५ फूट आणि चढतें पाणी हें ३८ फूट आणि उतरत्या पाण्यापेक्षां अधिक वाईट.

मुख्य म्हणजे हे नियम घरीं, कोरड्या कपड्यांत, पोटभर जेवून ठरवावे आणि कागदावर लिहावे. सायंकाळीं पांच वाजतां, भिजलेल्या अंगानें, मुक्काम आठ किलोमीटरांवर उरला असतां, फरशीवरून पाणी वाहतांना पाहून जो निर्णय घेतला जातो तो बुद्धीचा नसतो. तो थकव्याचा असतो. वाहत्या पाण्यांत शिरावयाचें नाहीं, या नियमाला अपवाद ठेवूं नये. गुडघ्याइतकें वेगाचें पाणी धट्ट्याकट्ट्या माणसाचे पाय उखडतें. त्याखालचा रस्ता जागेवर आहे कीं खचला आहे, हेंहि दिसत नाहीं. पुढची मोटार गेली म्हणून आपणहि जावें, हा तर शुद्ध अविचार.

गाडीविषयीं थोडक्यांत सांगतों. ओल्या चाकांवर ब्रेक उशिरा धरतो, म्हणून उतारावर वेग आधींच आंवरावा. रेतीनें ब्रेकचे रबर लवकर झिजतात, तेव्हां एक जोडी बरोबर ठेवावी. चिखलपट्ट्या व मागचा तांबडा दिवा अवश्य. कृष्णाकांठची काळी माती भिजली म्हणजे चाक आणि चिखलपट्टी यांच्यामध्यें अशी बसते कीं गाडी खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून शेतांतल्या वाटा टाळून पक्क्या सडकेनेंच जावें. पुरानंतर विहिरीचें पाणी उकळल्यावांचून पिऊं नये. तुरटीनें पाणी निवळतें, पण त्यांतले रोगजंतु मरत नाहींत. पायाला जखम असतां साचलेल्या पाण्यांतून चालूं नये, कारण लेप्टोस्पायरोसिससारखे ज्वर त्या वाटेनेंच शरीरांत शिरतात.

वाडीसंबंधीं एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. पुराचें पाणी मंदिरांत शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानें बाहेर पडूं लागलें म्हणजे ‘दक्षिणद्वार’ झालें असें म्हणतात, आणि त्या वेळच्या स्नानाचें मोठें पुण्य मानलें जातें. आजूबाजूच्या गांवचे भाविक त्यासाठीं धांवतात; त्यांना तेथील पाण्याची पिढीजाद ओळख असते. परंतु १८० किलोमीटरांवरून सायकलीनें दक्षिणद्वार गांठण्याचा संकल्प करणें म्हणजे नदी चढत असेल त्याच दिवशीं दोन नद्यांच्या बेचक्यांत जाऊन बसण्याचा संकल्प करणें होय. देवाच्या दर्शनाला जाण्यास आमची हरकत नाहीं. पुराच्या दर्शनाला जाण्यास आहे. पाणी याहून चढलें म्हणजे उत्सवमूर्तिहि उंच जागीं हलवितात. प्रत्यक्ष देव जें करतात, तें भक्तानें करण्यांत कमीपणा कसला?

येथवर आम्हीं प्रवाशाच्या जिवाचा विचार केला. पण आमच्या मतें याहूनहि महत्त्वाचा एक विचार आहे, आणि तो क्वचितच बोलला जातो. पुरानें वेढलेल्या गांवांत सांपडलेला पाहुणा त्या गांवाला भार होतो. गांवचें पीठ मोजकें असतें, दूध बंद झालेलें असतें, शाळेंतल्या ओसरीवर म्हाताऱ्याकोताऱ्यांना जागा पुरत नसते. अशा वेळीं आपलें खेडें पाहुण्याला उपाशी ठेवीत नाहीं. तें स्वतःच्या ताटांतलें काढून देतें. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि बायकामुलांसह अनेक जण बुडाले. नावेंतली एकेक जागा त्या घटकेस एकेका जिवाच्या मोलाची असते. ती जागा हौसेनें आलेल्या धडधाकट तरुणानें अडवावी काय? या प्रश्नाचें उत्तर ज्याला मनापासून देतां येतें, त्याला उपदेशाची गरज नाहीं.

तेव्हां वडील मंडळींस आमची विनंति अशी कीं, त्यांनीं नुसतें ‘नको’ म्हणूं नये. मुलांना आणि मुलींनाहि नकाशा घेऊन समोर बसवावें, पुलांच्या खुणा करावयास लावाव्या, आणि परत फिरण्याचे नियम त्यांच्याच हातून लिहून घ्यावे. त्याची एक प्रत घरीं भिंतीवर राहावी. तुकडींतील सर्वांत भित्र्या गड्यानें ‘मागें फिरूं’ म्हटलें तर त्याचें मत सर्वांवर बंधनकारक असावें, आणि अर्ध्या वाटेंतून परत आलेल्यांची घरांत कोणी थट्टा करूं नये. थट्टेच्या धाकानें पुढें गेलेला मुलगा आजीच्या नकारानें थांबत नाहीं.

ज्यांना श्रावणांतच निघावयाचें आहे त्यांच्यासाठीं दुसरी वाट आहे. साताऱ्याहून कोरेगांव, पुसेगांव, दहिवडी करीत शिखर शिंगणापुरास जावें. माण-खटावचा हा प्रदेश पर्जन्यछायेंतला. पश्चिमेकडे लोक पावसाला हात जोडून ‘आतां पुरे’ म्हणत असतात, त्याच वेळीं येथें त्याची वाट पाहत असतात. हवा थंड, माळ हिरवे, रस्ते मोकळे आणि अंगावर फार तर भुरभुर. साताऱ्याजवळचा कृष्णेचा पूल सोडला तर मोठें पाणी आडवें येत नाहीं.

कृष्णाकांठची वाट मात्र दसऱ्यानंतर धरावी. तेव्हांहि अगदीं बेसावध राहूं नये. धरणें तुडुंब असतात आणि परतीचा पाऊस बाकी असतो. २०२० च्या ऑक्टोबरांत पंढरपुरास भीमेचा पूर आला होता, हें विसरतां कामा नये. तरी एकंदरींत नदी तेव्हां पात्रांत परतलेली असते, घाटांच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडत असतात, आणि उसाच्या गाड्यांची वर्दळ अजून सुरू झालेली नसते. असा प्रवास करून आलेल्या तरुणांनीं आपला लिहिलेला कागद जपून ठेवावा व पुढच्या वर्षीं निघणाऱ्यांच्या हवालीं करावा. त्यांत कोठें थांबलों, कोणता पूल टाळला आणि कां टाळला, एवढें असलें तरी तो घरांतल्या सर्वांच्या उपयोगी पडेल.